किसनराव वाचले कसे?

१

विष उतरलं आणि मग माणूस गेला. एकदा झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं, पण अमरावतीत डॉ. वामनराव गावंड्यांच्या आयसीयूत त्या हंगामात हे तिसऱ्यांदा घडलं होतं.

तिघंही फवारणीवाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, अळी कशालाच दाद देत नव्हती. माणसं एका औषधात दुसरं मिसळून पाठीवरचा पंप मारत होती आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन कोसळत होती. असं कोसळलेलं माणूस व्हेंटिलेटरवर टाकायचं, विषावरचा उतारा द्यायचा, डोळ्यांत तेल घालून बसायचं, की चार-सहा दिवसांत ते डोळे उघडायचं. हे तिघंही डोळे उघडून घरच्यांकडे पाहू लागले होते. मग ताप चढला, फुप्फुसं पुवानं भरली आणि एकही औषध चालेना.

तिघांच्या छातीतला स्राव तपासायला अकोल्याला डॉ. रुबीना मिर्झा यांच्या लॅबमध्ये गेला होता. रुबीना जंतूंची डॉक्टर. माणसांशी तिचा संबंध शिशीतल्या नमुन्यापुरता, आणि तिला तेच बरं वाटायचं. पण तिसरी काचेची ताटली तिनं उजेडात धरली आणि तिचा जीव चरकला. तिन्हींत एकच जंतू होता. औषधाच्या इतक्या चकत्या ठेवल्या, तो सगळ्यांना पुरून उरला. फक्त एका जुन्या, मूत्रपिंडं नासवणाऱ्या औषधाला तो जरा दबकला. तीन वेगळ्या गावांच्या माणसांना तीन वेगळ्या आठवड्यांत तोच एक जंतू बाहेरून कसा मिळेल? म्हणजे तो आयसीयूतच कुठंतरी ठाण मांडून बसला होता. रुबीनानं अमरावतीची गाडी धरली.

डॉ. गावंडे दारातच भेटले. बिचाऱ्यांची झोप उडाली होती. मेलेल्यांचे नातेवाईक रोज दवाखान्याबाहेर येऊन उभे राहत होते, कुणी मुद्दाम करून राहिलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर आता डॉक्टरांनाही तसंच वाटू लागलं होतं. त्यांनी तिला आत नेऊन कोपऱ्यातली खाट दाखवली. तिथं वलगावचा मनोज होता, भाजीवाल्यांचा पोरगा, विशीतला. वांग्यावर फवारता फवारता पडलेला. तोंडात नळी, नळीला यंत्र. विष उतरत आलं होतं, आणि सकाळीच त्यानं आईचं बोट दाबलं होतं.

"आधीचे तिघं याच टप्प्यावर होते," डॉक्टर म्हणाले. "तो जंतू कुठून येतो ते सापडलं नाही, तर हा चौथा."

२

रुबीनानं आयसीयू अक्षरशः पिंजून काढलं. यंत्रं, नळ्या, बेसिन, एसीची जाळी, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांचे नमुने घेऊन अकोल्याला धाडले. तोवर माणसांकडं वळली.

पहिला संशय वकारवर होता. वकार व्हेंटिलेटरचा तंत्रज्ञ, यंत्रांच्या नळ्या धुणं, वाळवणं, जोडणं त्याचं काम. नातेवाइकांनी त्याच्याच नावानं बोंब ठोकली होती आणि डॉक्टरांनी कटकट नको म्हणून त्याला घरी बसवलं होतं. रुबीना ऑटो करून त्याच्या घरी गेली. त्यानं तिला आधी दारातच उभं ठेवलं. मग त्यानं दोन्ही हात तिच्यापुढं धरले. नळ्या धुण्याच्या औषधानं कातडी सोलून निघाली होती, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.

"मॅडम, कामात कसर करणाऱ्याचे हात असे होत नाहीत," तो म्हणाला. "आन एक इचारतो. मीच मारून राहिलो, तर किसनराव कसे वाचले?"

किसनराव कोण ते त्यानं सांगितलं. तिवशाचा म्हातारा, दुसरा रोगी गेल्यावर आणि तिसरा यायच्या आधी आलेला. तोही फवारणीचाच. तीच कोपऱ्यातली खाट, तेच यंत्र, वकारनं धुतलेल्या त्याच नळ्या. बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस यंत्रावर राहिला आणि हसतखेळत घरी गेला. रुबीनानं ही गोष्ट पदराला बांधून घेतली.

दुसरा संशय होता मनोजच्या आईवर. माणिकबाई कुणाचं लक्ष नसलं की पदराआडून कापसाचा बोळा काढायची आणि पोराच्या ओठांना देवीचं तीर्थ लावायची. आधीच्यांच्या घरच्यांनीही असंच काहीबाही लावलं असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. रुबीनानं ते तीर्थ मागितलं तेव्हा बाईंनी तांब्या छातीशी धरला. तपासायलाच नेते, फेकणार नाही, असं सांगितल्यावर अर्धं दिलं.

तिसऱ्या होत्या मनकर्णाबाई, आयसीयूच्या थोरल्या सिस्टर. त्यांच्यावर संशय घ्यायला कुणाची जीभ रेटत नव्हती. पण रुबीनाच्या नियमात कुणाला सूट नव्हती. तिनं त्यांना दिवसभर पाहिलं. ही बाई बेशुद्ध रोग्याशी बोलायची. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, डोळ्यांत थेंब घालायची, आणि सकाळ-संध्याकाळ गुळण्यांच्या गुलाबी औषधात बोळा भिजवून, दाढेपासून दाढेपर्यंत, लेकराला न्हाऊ घालावं तसं तोंड आतून पुसायची. नळी लावलेल्याचं तोंड स्वच्छ ठेवलं नाही तर घाण छातीत उतरते, हे नर्सिंगच्या पुस्तकातच आहे. दुसऱ्या नर्सा त्यात चालढकल करत. मनकर्णाबाई कधीच करत नसत. हात धुणं, मोजे, मास्क, कशातही बोट ठेवायला जागा नव्हती.

अकोल्याहून फोन आला. नळ्या स्वच्छ होत्या. बेसिन, जाळी, औषधाच्या बाटल्याही स्वच्छ. तीर्थातसुद्धा त्या जंतूचा मागमूस नव्हता.

रुबीनानं हात टेकले. फोन ठेवून ती आयसीयूत आली तर मनकर्णाबाई मनोजच्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला न सांगताच कळलं. मनोजला ताप भरला होता.

३

मनोजच्या छातीतल्या स्रावाची ताटली अकोल्याच्या लॅबमध्ये लागली. उत्तर काय येणार ते रुबीनाला ठाऊक होतं. त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. ती तिवशाला निघाली.

किसनराव ओट्यावर बसले होते. गळ्याला मफलर गुंडाळलेला, गालफडात खर्रा. तंबाखू-सुपारीचा तो गोळा या भागात कोण खात नाही असं विचारावं. शब्द दातांमधून गाळून आल्यासारखे येत होते. दवाखान्यातली बाई एवढ्या लांब आपल्याला पाहायला आली म्हणून म्हातारा खूश होता. त्यांनी चहा मागवला, सुनेला चार नावं ठेवली, गावंडे डॉक्टरांच्या कँटीनच्या पोह्यांची निंदा केली. रुबीना ऐकत होती आणि मनातून चडफडत होती. हा माणूस वाचला, पण कशानं? तीर्थ? सुनेनं रोज लावलं म्हणे. अंगातली ताकद? मेलेले तिघंही यांच्यापेक्षा तरणे होते.

शेवटी तिनं घशाचा नमुना घ्यायला काडी काढली आणि म्हणाली, आजोबा, तोंड उघडा.

किसनरावांनी तोंड उघडलं. म्हणजे त्यांना उघडता येत होतं तेवढं. दोन दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट झाली.

"एवढंच उघडते," ते म्हणाले. "खर्ऱ्यानं जबडा धरला, पाचेक वर्सं झाली. म्हनून तर डॉक्टरनं तोंडातून नळी नाई टाकली, इथून भोक पाडलं." त्यांनी मफलर बाजूला केला. गळ्याच्या खळगीत भरत आलेली जखम होती.

रुबीनाच्या हातातली काडी तशीच राहिली. आणि तोंड कोण पुसायचं, तिनं विचारलं.

"ते सिस्टर येये बापडी रोज, बोळा घेऊन. पन आत जाईनच ना. मंग ओठ पुसून देये आन जाये. लय वाईट वाटे तिले, का मले नीट साफ नाई करता येत."

रुबीना उठली. चहा अर्धा टाकून उठली म्हणून किसनरावांना जरा राग आला. पण तिच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती. खाट तीच, यंत्र तेच, नळ्या त्याच, तीर्थसुद्धा लावलेलंच. मेलेल्या तिघांच्या तोंडात जे गेलं आणि या म्हाताऱ्याच्या तोंडात गेलं नाही, असं एकच काही होतं. बाकीच्या खाटांवरचे, यंत्र न लागलेले रोगी आपली गुळणी आपण करून थुंकून टाकत. नळीवाल्याला थुंकता येत नाही.

पण ते गुलाबी औषध तर बाकीच्या बाटल्यांबरोबर तपासून आलं होतं. त्यात काहीच नव्हतं. तिवशाहून परतताना हाच काटा तिला बोचत राहिला.

४

ती पोचली तेव्हा संध्याकाळची पुसापुशी व्हायची होती. मनकर्णाबाई ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. गुळण्यांचं औषध घट्ट यायचं, ते पाणी घालून पातळ करून एका मोठ्या पांढऱ्या बाटलीत ठेवलं जायचं. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. बाईंनी नवीन औषध मोजलं, फिल्टरचं पाणी मोजलं, आणि दोन्ही त्या उरलेल्यावर ओतलं. सगळं कसं मापात, एक थेंब सांडला नाही.

रुबीनानं अगदी सहज विचारलं, जुनं टाकून का देत नाही?

मनकर्णाबाईंना प्रश्नच कळला नाही. चांगलं औषध टाकायचं कशाला? मग त्या जरा संकोचून हसल्या. "आन मॅडम, रिकामं नाई होऊ देत मी. मिठाची बरणी म्हना, कुकवाचा करंडा म्हना, तळ दिसू द्याचा नसते. माय सांगे. इथं तर लोकायचा जीव हाय. इथं औषधाच्या बाटलीचा तळ कसा दिसू देऊ?"

ही बाटली आयसीयू सुरू झालं तेव्हापासूनची होती. तिचा तळ एकदाही दिसला नव्हता.

रुबीना तिथंच खुर्चीवर बसली. हसायचं तर कुणाला हसायचं? अकोल्यात तिची अम्मी हलीमाबी पिठाचा डबा कधी खरवडू देत नाही, बरकत जाते म्हणते. मूठभर पीठ ठेवायचं आणि त्यावर नवं ओतायचं. रुबीना आता चाळिशीची, जंतूंत पदवी घेतलेली, तरी अकोल्याच्या घरात तीसुद्धा डबा तसाच भरते.

आणि आता तिला आपली चूक दिसली. तिनं बाटलीतलं पाणी तपासलं होतं. पाण्यात जो जंतू सुटा पोहतो तो औषधानं मरतोच. पण जे भिंतीला चिकटतात ते तसे मरत नाहीत. ते वस्ती करून राहतात, अंगावर चिकट पांघरूण ओढतात, रांजणाच्या आतल्या बाजूला शेवाळ धरतं तसं. औषध वरून वाहून जातं, खालच्यांना नुसता वास लागतो. रोज थोडा थोडा वास घेऊन ते त्या औषधाला सरावतात, आणि मग त्यांना दुसरीही औषधं फारशी भीती घालत नाहीत. वर्षानुवर्षं साचून थर जाड झाला की त्याचा एखादा कपटा सुटतो, बोळ्यावर येतो, आणि तोंडातल्या नळीवरून छातीत उतरून तिथं नवी वस्ती करतो.

तिनं बाटली बेसिनमध्ये पालथी केली. मनकर्णाबाई "मॅडम" म्हणेपर्यंत सगळं गुलाबी पाणी वाहून गेलं होतं. मग मोजा घालून तिनं बोट आत फिरवलं. आतली भिंत गिळगिळीत होती. काडीनं खरवडलं तर काडीच्या टोकाला पिवळट बुळबुळीत पडदा आला.

तिनं ती काडी शिशीत घालून अकोल्याला पाठवली आणि तेवढ्यावर न थांबता डॉक्टरांना गाठून मनोजच्या तोंडातली नळी बदलायला लावली. नव्हे, नळी तोंडातून नकोच, किसनरावांना पाडलं तसं गळ्याला भोक पाडा म्हणाली. जुन्या नळीच्या आतल्या बाजूलाही तोच पडदा होता. तो तिथं राहता तर कितीही औषध ओतलं तरी उपयोग नव्हता. मूत्रपिंडाची जोखीम घेऊन ते जुनं औषधही त्याच संध्याकाळी सुरू झालं.

अकोल्याहून दोन्ही ताटल्यांचं उत्तर एकदमच आलं. बाटलीच्या भिंतीवरचा, मनोजच्या छातीतला आणि मेलेल्या तिघांचा जंतू एकच होता.

५

डॉ. गावंड्यांनी अहवाल दोनदा वाचला. मग म्हणाले, बाटली फेकली, विषय मिटला. वकारला उद्या बोलावून घेतो, माफी मागतो. पण सिस्टरना सांगू नका. मोडून जाईल ती बाई.

त्यांचं चुकत होतं असंही म्हणवेना. पण न सांगितलं तर ती उद्या नवी बाटली आणेल आणि तिचाही तळ दिसू देणार नाही. आणि बाई इथून दुसऱ्या दवाखान्यात गेली तर तिथंही तेच, तितक्याच मायेनं. रुबीनानं सांगायचं ठरवलं. शिशीतल्या नमुन्यांची सवय असलेल्या तिला हे काम फार जड गेलं.

मनकर्णाबाईंनी सगळं उभ्यानं ऐकलं. मधे एकदाच विचारलं.

"डोमाजीले बी?"

डोमाजी पहिला गेलेला, वलगावचाच. रुबीना हो म्हणाली.

बाईंनी हातातले मोजे काढून टोपलीत टाकले आणि त्या बाहेर निघून गेल्या.

मनोज गळ्यातल्या नळीवर होता, ताप तसाच. तोंड दिवसातून चारदा, दर वेळी नव्या औषधानं पुसायला हवं होतं, आणि तेही दाढेपासून दाढेपर्यंत, कारण त्या तोंडात अजून जंतू होता. ड्यूटीवरच्या पोरीनं घाबरत घाबरत पुढचे दात पुसले आणि हात काढून घेतला. जुन्या औषधाला साथ मिळाली नाही तर पोरगं हातचं जाणार हे रुबीनाला स्पष्ट दिसत होतं, आणि हे काम नीट करणारा एकच हात दवाखान्यात होता.

ती बाहेर आली. मनकर्णाबाई बाकावर बसल्या होत्या आणि शेजारी माणिकबाई. सिस्टरनी स्वतःच तिला सगळं सांगून टाकलं होतं. माणिकबाईंच्या मांडीवर तो तांब्या होता. त्या समोरच्या भिंतीकडं पाहत होत्या. आता ही बाई काय करेल, शिव्या देईल की गळा धरेल, रुबीनाला अंदाज येईना. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माणिकबाईंनी हातानंच थांबवलं.

"माह्या पोराच्या तोंडात तुमीच घातलं ते," माणिकबाई सिस्टरना म्हणाल्या.

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मंग काढाचंबी तुमीच. थे पोरगी आत काय करून राहिली मी पाह्यलं काचेतून. तिले काई ठाव नाई. कुठं चुकते थे आता तुमाले ठाव हाय. उठा."

मनकर्णाबाई उठेनात. माणिकबाई उठल्या, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि आयसीयूच्या दारापर्यंत ओढतच नेलं. त्यात माया होती असं रुबीनाला वाटलं नाही. राग होता, धाक होता, आणि पोराचा जीव टांगणीला लागलेल्या आईचा रोखठोकपणा होता. मनकर्णाबाईंनी हात धुतले. मग पुन्हा धुतले. नवी, कोरडी, छोटी बाटली घेतली, तिच्यात एका वेळेपुरतंच औषध कालवलं, आणि पुसून झाल्यावर उरलेलं बेसिनमध्ये ओतून दिलं. ओतताना त्या रडत होत्या.

ताप पटकन उतरला नाही. मूत्रपिंडं मधे अडून बसली, एक दिवस तर डॉक्टरांनी माणिकबाईंना नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं. पण पोरगं चिवट निघालं. छाती मोकळी होत गेली आणि यंत्र सुटलं. ताटलीत काही उगवलं नाही ती बातमी वकारनंच धावत आणून दिली. त्याच्याशी अजून कुणी नीट बोललं नव्हतं, डॉक्टरांची माफी त्यानं ऐकून घेतली होती, एवढंच.

६

मनोजला घरी सोडायच्या दिवशी माणिकबाईंनी मनकर्णाबाईंना विचारलं, बाकी तिघांच्या घरी कोण सांगणार.

डॉ. गावंड्यांनी वकिलाचा सल्ला घेतो म्हटलं होतं, आणि ते अजून घेतच होते. मनकर्णाबाई म्हणाल्या, मीच सांगणार. मग थोड्या वेळानं म्हणाल्या की रोज निघते आणि चौकातून परत येते.

"डोमाजीचं घर आमच्याच गल्लीत हाय," माणिकबाई म्हणाल्या. "मी येतो संगं. त्यायनं हाकललं तर माह्या घरी चाला."

रुबीनाही गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण चूक तिचीही होती. पहिल्याच दिवशी तिनं बाटलीची भिंत खरवडली असती तर मनोजला ताप आला नसता, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

वलगावात मनोजला घरी निजवून तिघी डोमाजीच्या दारात उभ्या राहिल्या. त्याची बायको गंगूबाई आत तूर निवडत होती. दारात अंधारलं म्हणून तिनं वर पाहिलं. माणिकबाई ओळखीची, रुबीना अनोळखी. मधल्या बाईकडं ती क्षणभर पाहत राहिली, आणि मग सूप खाली ठेवून लगबगीनं उठली.

"सिस्टर," ती म्हणाली. "या, बसा. पानी आनतो. माह्या माणसासाठी तुमी जेवढं केलं तेवढं कोनी नाई केलं."

तिनं सतरंजी झटकून अंथरली. मनकर्णाबाई उंबऱ्याच्या आत आल्या. बसल्या मात्र नाहीत. गंगूबाई पाण्याचा गडवा घेऊन बाहेर येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली.